अनुसयाबाईंच्या चोवीस पायल्या

मगनभाईंचे वर्षश्राद्ध झाले आणि कळसाडीत त्यांच्या पिठाच्या चक्कीच्या विक्रीची बोलणी निघाली. साल एकोणीसशे एकोणसाठ. तेलावर चालणारे ते इंजिन त्यांच्या विधवा पत्नी अनुसयाबाई यांच्या हाती टिकणार नाही, हा थोरले बंधू गिरधरभाई यांचा सिद्धान्त. शहाद्याचे गिऱ्हाईकही त्यांनी हेरून ठेवले होते. अखेर भाऊबंदांसमक्ष ठरले : कार्तिकी पौर्णिमेपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, तेलाचा खर्च वजा जाता आठशे रुपये वा त्याहून अधिक उरले, तर चक्की अनुसयाबाईंची. एक रुपया उणा पडला तरी विक्री.

अनुसयाबाई शहाद्याच्या बाजारातील एका मापाड्याची कन्या. अक्षरओळख बेताची, परंतु मापाचे शास्त्र पित्याकडून लाभलेले. दिवस होते एकशे सहासष्ट. त्यांतल्या सहा अमावास्यांना गावात बैल जुंपत नसत, तसे इंजिनही थांबे. उरले एकशे साठ; म्हणजे रोज निव्वळ पाच रुपये हवेत. तेलाला दोन रुपये जात. दळणाचा दर पायलीला एक आणा. नवे पैसे आले असले तरी गाव आण्यांतच बोले. तेव्हा रोज किमान एकशे बारा पायल्या.

दळण मात्र शहाण्णवाच्या वर जाईना. निम्मे दिवस सरले तेव्हा गाठीला तीनशे वीसच होते. आता उरलेल्या ऐंशी दिवसांनी रोज सहा रुपये द्यायला हवे होते.

बाईंनी प्रथम तेलाकडे पाहिले. एकेका टोपलीसाठी इंजिन सुरू करायचे, पुन्हा बंद करायचे, ही मगनभाईंची रीत त्यांनी मोडली. शेतावर जाताना टोपली ठेवा, परतताना पीठ न्या, असे घरोघर कळवले. इंजिन एकदाच चालू लागले; तेल दीड रुपयावर आले. रोज एकशे वीस पायल्या पुरेशा झाल्या. उणीव राहिली चोवीस पायल्यांची.

तापीकाठी ऊसतोडीला आलेली सातपुड्यातील टोळी उतरली होती. तिथल्या बाया पहाटे दगडी जात्यावर मका दळून मग फडात जात. अनुसयाबाई स्वतः तिथे गेल्या. टोळीतील वडीलधाऱ्या रूपलीबाईंनी मान डोलावली आणि रोज तीस पायल्या येऊ लागल्या.

डोंगरातल्या टोळीच्या मक्यामागून दळलेले पीठ बाटते, अशी तक्रार घेऊन चौथ्याच दिवशी गिरधरभाई चक्कीच्या दारात उभे. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, भावजयीने बोलायचे नाही, ही घराची मर्यादा. म्हणून दोघांचे बोलणे सासूबाई दगूबाईंच्या मार्फत चाले, मग अंतर तीन हातांचे का असेना.

"माय, तुन्ही वहूले सांग, टोळीवालासना दाना बंद कर. नहीतं आमन्या दहा घरन्या टोपल्या उद्यापासून बंद!"

दगूबाई म्हणाल्या, "मंग भाकर कसानी खाशी रे गिरधर? रेतीनी?"

अनुसयाबाईंनी मनात मांडणी केली. ती दहा घरे गेली तर दहा पायल्या गेल्या. उरतात एकशे सोळा, उणीव चारची. टोळी गेली तर उणीव पुन्हा चोवीसची. पदर कपाळावरून न ढळवता, पण सासूबाईंकडे न वळता, त्या थेट जेठाला म्हणाल्या :

"चार पायल्या मी कोठून भी लई यीसू, जेठजी. चोईस कोन दी? तुम्हन्या दहा टोपल्या खुशाल घरमा ठेवा."

"बाईमानूसना हिसाब!" गिरधरभाई हसले.

"मापाडीनी पोर शे मी. हिसाब चुकना तं आखाजीले इंजिन लई जा."

दहा टोपल्या खरोखर बंद झाल्या. रूपलीबाईंना ते कळले, तेव्हा त्यांनी पलीकडच्या फडातल्या दुसऱ्या टोळीला निरोप धाडला. तिथून रोज बावीस पायल्या येऊ लागल्या. होळीला दोन्ही टोळ्या आठ दिवस डोंगरात गेल्या, त्या दिवसांची तूट मागच्या-पुढच्या दिवसांनी भरून काढली.

आखाजीला भाऊबंद जमले. रक्कम मोजली, आठशे एकेचाळीस भरली. गिरधरभाईंनी पुन्हा मोजून पाहिली. मग घसा साफ करून म्हणाले, "बरं, आठशे झायात. आते तरी त्या टोळ्या बंद कर. घरन्या टोपल्या परत येतीन."

"यवू द्या," अनुसयाबाई म्हणाल्या, "पन रांगमा. आते चक्की मन्ही शे."

बाहेर रूपलीबाई मक्याची टोपली घेऊन उभ्या होत्या. अनुसयाबाईंनी ती स्वतःच्या हातांनी आत उचलून घेतली आणि पट्टा चढवला.