गाडीतली चौथी जागा

शांतम्माला त्या गाडीत बसायचं होतं, एवढंच. पण मनातलं सरळ बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

धाकट्या जावेचा, लक्ष्मम्माचा, मुलगा शरणप्पा मस्कतला निघाला होता. हैदराबादहून मुंबईचं विमान, तिथून पुढं. गावातून विमानानं जाणारा हा पहिलाच, आणि नेमका लक्ष्मम्माच्या पोटचा. शांतम्माचा मुलगा सहकारी कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. परवापर्यंत ती हे चारचौघींत दोनदा सांगायची.

विमानतळापर्यंत भाड्यानं गाडी म्हणजे नळदुर्गच्या स्टँडवरची बंडप्पाची अॅम्बॅसडर. बंडप्पा शांतम्माच्या माहेरचा. म्हणून तीच आपण होऊन गेली आणि गुरुवारची गाडी ठरवून आली. परतताना तिनं मनाशी मोजलं. मुलगा, आई, बाप. तिघं झाले. तिघांनी घराबाहेर पडायचं नसतं, चौथं माणूस लागणारच. बहात्तरच्या दुष्काळात हमरस्त्यापर्यंत सडक झाली, तिची खडी तिनं फोडली होती. त्या सडकेवरून ती पायी गेली होती, एसटीनं गेली होती. मोटारीनं नाही.

गुरुवारी सकाळी ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून ओसरीवर बसली. गाडी आली. पेटी, पिशव्या चढल्या. मग लक्ष्मम्मा जवळ येऊन म्हणाली, "अक्का, आमी तिघंच हाव. चौथा म्हनून तुमच्या हातानं एक दगड द्या सोबतीला."

"म्या मानसात न्हाय व्हय?" काच पुसता पुसता बंडप्पानं विचारलं. सगळे हसले. शांतम्मा हसली नाही.

अंगणात खडे हवे तेवढे होते. ती आत गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली.

"दगडच न्यायचा तर घरचा न्या."

लक्ष्मम्माला नाही म्हणता येईना. शरणप्पाच्या बारशाला कुंची घालून पाळण्याखालून फिरवलेला वरवंटा तो हाच. शांतम्मानं तो मागच्या सीटवर खिडकीशी ठेवला, स्वतः बसणार होती तिथंच, आणि दार जोरात लावलं.

दोन दिवस घरात चटणी वाटली गेली नाही. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, वरवंटा हैदराबाद बघायला गेलाय. भाकरी थापताना तिला सारखा तोच दिसायचा, खिडकीशी बसलेला, गार वाऱ्यात.

शनिवारी गाडी परतली. लक्ष्मम्माचे डोळे सुजले होते. विमान दिसलंच नाही, ती सांगत होती. फाटकावरच अडवलं, पोरगं आत गेलं, मागं वळून बघितलंसुद्धा नाही. वरवंटा तिच्या पदरात गुंडाळलेला होता.

"खिडकीशी ठेवला हुता त्यो," शांतम्मा म्हणाली.

"जाताना हुता तिथं. येताना मांडीवर घेतला, अक्का."

शांतम्मानं वरवंट्यासाठी हात पुढं केला होता. लक्ष्मम्माची मूठ काही सुटेना. शांतम्मानं हात मागं घेतला.

त्या दिवशीही तिच्या घरी चटणी झाली नाही.