रफीकला बसमधून उतरवलं, त्या दिवशी

"वकीलबाय, त्याला विमानात घातला तर आपलं कोन आयकनार?" हिराबाई गाडीत पुन्हा पुन्हा विचारत होती. मी मांडीवर लॅपटॉप ठेवून पिटिशन टाइप करत होते. बोटं चुकत होती. मी वकील असले तरी स्वभावाने भित्रीच आहे.

हिराबाई आगरदांड्याची, घरचा ट्रॉलर. रफीक तिचा खलाशी, मूळचा पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. जेट्टीवर पोलिसांनी बंगाली बोलणारे तेवढे बांगलादेशी समजून वेगळे काढून नेले. रफीकच्या खिशात काहीच नव्हतं. आमच्याकडे बरेच मालक सीझनभर खलाशांची आधार कार्डं स्वतःच्या पेटीत ठेवतात. खलाशी मध्येच दुसऱ्याच्या बोटीवर पळू नये म्हणून.

"मग कार्ड नेऊन दाखवलं का नाहीस?" मी खेकसले.

"दाखवला. ते बोलले, असली ढीगभर मिलतात."

तेही अगदी खोटं नव्हतं. नकली कार्डं निघतात. पण खरं-खोटं ठरवायला त्या माणसाच्या गावी चौकशी करायची असते, त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. आम्ही याला ड्यू प्रोसेस म्हणतो. इथे ते झालंच नव्हतं. एकदा सीमेपलीकडे ढकललेला माणूस शोधायचा कुठे?

हायकोर्टात मेन्शनिंग केलं. म्हणजे बोर्डावर नंबर नसताना 'आमचं आजच ऐका' अशी विनंती.

"याच्या गावी चौकशी केलीत?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"इन्स्ट्रक्शन्स घेतो," सरकारी वकील म्हणाले. म्हणजे माहीत नाही.

"घ्या. तोवर याला राज्याबाहेर नेऊ नका."

हिराबाईने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात कळलं, पकडलेल्यांना घेऊन बस विमानतळाकडे निघालीसुद्धा. बसमधल्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, लेखी कॉपीशिवाय कोणाला उतरवणार नाही."

ऑर्डर अपलोड व्हायला संध्याकाळ होणार होती. मी धावत सरकारी वकिलांना गाठलं. माणूस भला. त्यांनीच फोन घेतला. "कोर्टाने माझ्यासमोर सांगितलंय, उतरवा. उद्या बेंचपुढे तुम्ही उभे राहणार का?"

मग उत्तर आलं, उतरवतो.

पुढे गावाकडून रिपोर्ट आला. रफीक तिथलाच निघाला. बाजू ऐकल्याशिवाय कोणालाही देशाबाहेर काढू नका, असं सुनावून कोर्टाने पिटिशन निकाली काढलं. हिराबाई पापलेटं घेऊन ऑफिसात आली. मागे रफीक. तो मान खाली घालून म्हणाला,

"बाय, माजं नाव घेऊन उतरवला. बाजूवाला पन उटला. त्याला बोलले, तुजं नाव न्हाय, तू बस."

बाजूवाला दुसऱ्या बोटीवरचा. धरलं तेव्हा त्याने केलेला फोन त्याच्या मालकाने उचललाच नव्हता. तो खरा कुठला, ते मला माहीत नाही. कोणालाच नाही. विचारायचं राहून गेलं.

अशी केस आली की हल्ली मी आधी एकच गोष्ट विचारते: बरोबर आणखी कोणाला नेलंय?