गॅरेजमधली तिजोरी

फिलूचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. परदेशातल्या या उपनगरात, क्वेकर्स हिलला, एका फार्मसीत मी फार्मासिस्ट आहे. दुपारची गर्दी ओसरली होती, माझा चहा नुकताच गार झाला होता. फिलू म्हणाली, "माधवी, सायमन गेला. घाई करू नकोस, शिफ्ट संपवून ये." नवरा जाऊन तासही झाला नव्हता आणि ही बाई माझ्या शिफ्टची काळजी करत होती! मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या आजोबांना बीपीच्या गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या ते अगदी सावकाश समजावून सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सायमन लोपीस हे नाव तुम्ही ऐकलं असायचं कारण नाही. वसईचा, चर्चच्या मराठी शाळेत शिकलेला, पेशाने मेकॅनिकल इंजिनियर, उंच, शिडशिडीत आणि विलक्षण हट्टी. त्याची बायको फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, इथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. त्यांची मुलगी युनिव्हर्सिटीसाठी दूर क्लेटनला गेली ती तिकडचीच झाली. आमची दोन्ही घरं एकाच रस्त्यावर. माझ्या नवऱ्याची, अनिरुद्धची, आणि सायमनची ओळख बागेला पाणी घालता घालता झाली. दोन मराठी माणसं दोन कुंपणांवरून पाइप धरून तासभर बोलत राहिली आणि दोघांच्याही कुंड्या वाहून गेल्या. पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो. मासे अप्रतिम होते. जेवण झाल्यावर सायमन म्हणाला, "चला, गॅरेज दाखवतो." मला वाटलं, सुतारकामाची हौस असेल.

गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. एका बाजूला काँक्रीटच्या भिंतीत बोल्टने आवळलेली माणसाएवढी पोलादी तिजोरी. दुसऱ्या बाजूला एक बाक, त्यावर लांब दांड्याचं एक लोखंडी प्रेस, चिमुकला तराजू, चिमटे, आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ओळीने मांडलेल्या. भातुकलीच वाटली मला ती आधी. तो शांतपणे सांगत होता की वापरलेल्या पुंगळ्या तो फेकत नाही, धुतो, त्यात मोजून दारू भरतो, वर नवी गोळी बसवतो, आणि शनिवारी रेंजवर जाऊन कागदाच्या निशाणावर त्या झाडतो. मी आधी ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तू घरात बसून काडतुसं करतोस? पलीकडच्या खोलीत बायको इस्त्री करते आणि तू इथे दारू भरतोस? सोसायटीत राहतोस की छावणीत? अनिरुद्ध माझा कोपर ओढत होता. सायमन मात्र हसत होता. म्हणाला, "झालं? आता कॉफी घेणार?"

तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि ते वीसेक वर्षं चाललं. अगदी मजेत चाललं, खरं सांगायचं तर. मी कुठल्याही देशातली गोळीबाराची बातमी ऐकली की आधी त्याच्यावर चिडायचे, जणू त्यानेच केलं. तो असल्या बातम्या बघतच नसे, उठून टीव्ही बंद करायचा. या देशात खूप वर्षांपूर्वी एक भयानक हत्याकांड झालं, मग सरकारने लोकांकडच्या बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या, हे इथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्या मते हे सरकारने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम, आणि अर्धवट सोडलेलं. सायमनच्या मते ते बरोबरच होतं, पण तेव्हापासून दर निवडणुकीला पुढारी उठतात आणि जो आधीच सगळे नियम पाळतो त्याच्याच मागे लागतात. परवाना, त्याचं नूतनीकरण, पोलिसांनी येऊन तिजोरी बघून जाणं, हे सगळं तो बिनतक्रार करायचा, वर पोलिसांना चहा पाजायचा. पण "आणखी कडक करा" असं कुणी म्हटलं की त्याच्या कपाळावर शीर उभी राहायची. "माणूस बघा ना," म्हणायचा, "नुसतं हत्यार काय बघता? माणसावर थोडा भरवसा ठेवा." मात्र नेमबाजीच्या क्लबमधलं कुणी बंदूक हा आमचा हक्क आहे वगैरे बोलायला लागलं, की हाच सायमन त्याला झाडायचा. हक्क कसला, परवानगी आहे, आणि ती काढून घेता येते, हे लक्षात ठेव, मेट!

एकदा त्याने मला गप्प केलं, ते सांगायलाच हवं. म्हणाला, तुझ्या दुकानाच्या मागेही भिंतीत आवळलेली तिजोरी आहे ना? मॉर्फिन त्यातच असतं ना? किल्ली तुझ्याचकडे असते ना? मग तुझ्यावर भरवसा ठेवला तर चालतो, माझ्यावर का नाही? मी म्हटलं, माझ्या तिजोरीतलं औषध माणसाला झोपवतं तरी, तुझ्या तिजोरीतलं कशाला लागतं? तो म्हणाला, कागदाला भोकं पाडायला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण तुलना बरोबर होती. माझी मुलगी वर मलाच म्हणाली, "आई, ही'ज नॉट वन ऑफ दोज पीपल. चिल." मुलांना सगळं सोपं असतं.

आणि खरोखरच त्या माणसाने कधी शिकार केली नाही. घरात झुरळ निघालं तर फिलू चप्पल घ्यायची, हा बाहेर अंगणात जाऊन उभा. त्याचा जीव रमायचा त्या बाकापाशी. काम चाललं असलं की रेडिओ बंद, फोन घरात, कुणी बोलायचं नाही. दारू भरून झाली की छोटी टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकवायचा. एकीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक आपल्याच तोंडावर फुटते, हे त्याने मला सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी तिथे श्वासही जपून घ्यायचे. काम संपलं की तिजोरीला कुलूप लावायचा, हँडल ओढून बघायचा, "लागलं" म्हणायचा आणि पुन्हा एकदा ओढायचा. स्वतःशीच. किल्ली गळ्यातल्या चेनमध्ये, क्रुसाशेजारी. ती फिलूच्याही हाती द्यायची नाही, तिच्याकडे परवाना नाही, म्हणून. फिलू म्हणायची, लग्नाच्या बायकोपेक्षा त्या कपाटाची अब्रू जास्त.

दसऱ्याची गंमत तर अजून आमच्या मराठी ग्रुपमध्ये सांगतात. त्या वर्षी हॉल घेऊन खंडेनवमीची पूजा करायची ठरली. बाकी सगळे लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणणार. अनिरुद्धने उत्साहाच्या भरात सगळ्यांना कळवून टाकलं की या वेळी खरंखुरं शस्त्र येणार, आपल्या सायमनची रायफल! सायमनच्या कानावर आलं तेव्हा तो तसाच चालत आमच्या दारात आला. रायफल या घरातून रेंजवर जाते आणि रेंजवरून घरी येते, मध्ये देवापाशीही थांबत नाही, असं त्याने अनिरुद्धला सुनावलं. आमचा आयटीवाला नवरा खाली मान घालून उभा. पण पूजेच्या सकाळी हाच सायमन हॉलवर हजर, सुटाबुटात, आणि दोन्ही हातांत ते जडशीळ प्रेस! हे तर अवजार आहे, म्हणाला, याची करा. मी स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. एवढं बंदुकांविरुद्ध बोलणारी मी, काडतुसं करायच्या यंत्राची पूजा करत होते आणि समोर वसईचा ख्रिस्ती माणूस हात जोडून उभा होता. फिलूला हसू आवरत नव्हतं. दांड्याला लागलेलं कुंकू पुढे कधी पुरतं निघालं नाही.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. आधी आम्ही सगळ्यांनी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं, मीसुद्धा. स्कॅनसाठी आत नेताना नर्सने गळ्यातली चेन काढून सहज फिलूच्या हातात दिली. बाहेर आणल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "फिलू, चेन दे." तिला वाटलं, क्रूस हवा असेल. तिने क्रूस सोडवून त्याच्या हातात ठेवला. तर हा म्हणाला, "क्रूस राहू दे तुझ्याकडे. किल्ली दे." ती द्यायला तिने क्षणभर उशीर केला तर घाबराघुबरा झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला.

घरी आल्यावरही किल्ली त्याच्या गळ्यात होती. फिलू ते बघायची. एका संध्याकाळी ती दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत शांपूच्या बाटल्या बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "माधवी, मला झोप लागत नाही. तो उठला की मी उठते. बाथरूमला गेला की मी पाण्याचा आवाज ऐकत बसते. एवढ्या दुखण्यात माणसाला किल्ली कशाला हवी असेल, तू सांग." तिला स्वतःला विचारायचं धैर्य नव्हतं. विचारलं आणि त्याच्या मनात नसलेलं घातलं तर? तू बोल म्हणाली, तुझं तो ऐकतो. माझं तर त्याने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. पण मी हो म्हटलं, आणि त्या रात्री मलाही झोप आली नाही. मीच दिलेल्या औषधांनी त्याचं दुखणं कितपत थांबतं, हे मला बरोबर माहीत होतं.

शनिवारी गेले. गॅरेजमध्ये तो बाकापाशी खुर्ची टाकून बसला होता, अंगावर जाड जॅकेट, हाताला काही काम नाही. बाजूलाच तिजोरी, बंद. मी हवेबद्दल बोलले. मग आमच्या लिंबाच्या झाडाबद्दल. तो म्हणाला, तू आणि हवापाणी? डोकं फिरलंय का तुझं? मग मी म्हटलं, "फिलूला झोप लागत नाही, सायमन."

"माझ्या दुखण्यामुळे?"

"तुझ्या गळ्यातल्या किल्लीमुळे."

त्याने जॅकेटवरून चेन चाचपली. इतकी वर्षं भांडले त्याच्याशी, पण त्याला असा बघितला नव्हता. मग उठला, माझा हात धरूनच उठला, चेन काढली आणि तिजोरी उघडली.

आत काही नव्हतं. फक्त तेलाचा वास होता.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पंधरवड्यातच त्याने बंदुकांच्या डीलरला बोलावून सगळं त्याच्या ताब्यात दिलं होतं. फिलू कामावर गेलेली असताना. रायफली, उरलेली काडतुसं, दारूचे डबे, सगळं. मी विचारलं, असं अचानक? तो खाली बसला. "एका रात्री इथे येऊन बसलो होतो," म्हणाला. "नुसता बसलो होतो, माधवी. काही केलं नाही. पण सकाळी डीलरला फोन केला. एवढी वर्षं तुझ्याशी भांडलो, माणसावर भरवसा ठेवा म्हणून. त्या रात्री माझाच मला नव्हता." मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मी त्याचा हात घट्ट धरून बसले. आणि किल्ली का गळ्यात ठेवलीस मग, मूर्खा? तर म्हणे, काढली असती तर फिलूला वाटलं असतं, मी आवराआवर करायला लागलो. तिने धीर सोडला असता. म्हणजे ती किल्ली बघून घाबरत होती आणि हा तिने घाबरू नये म्हणून किल्ली घालून फिरत होता! मला हसावं की दोघांना बदडावं कळेना.

त्यानेच फिलूला हाक मारली. ती कणकेचे हात तसेच घेऊन आली. दारातच थांबली, मग हळूहळू पुढे आली, आणि तिजोरीत हात घालून पार मागच्या पत्र्यापर्यंत चाचपून बघितलं. पीठ लागलं आतमध्ये. मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, "एवढी जागा रिकामी पडली आहे आणि मी वर्षभराच्या मसाल्याच्या बाटल्या पलंगाखाली ठेवते?" सायमन इतका हसला की पोट धरून वाकला. मग त्याने चेनमधून किल्ली सोडवून तिच्या पिठाच्या तळव्यावर ठेवली. आता चालतं, म्हणाला.

त्यानंतर तो जेमतेम उन्हाळा संपेपर्यंत राहिला. त्या रात्रीपासून आपण झोपलो, असं फिलू सांगते. दोघंही.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये त्याचा महिन्याचा मिस्सा, आठवणीची प्रार्थना, झाला. नंतर घरी गेलो तर फिलू मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. बाकावर प्रेस आहे तिथेच आहे. तिने गळ्यातली चेन बाहेर काढली, क्रूस आणि किल्ली दोन्ही आता तिच्याकडे, आणि तिजोरी उघडली. वसईच्या लाल मसाल्याने ठासून भरलेल्या काळ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तिने सायमनची छोटी टॉर्च लावून एकेका बाटलीच्या तोंडात डोकावून बघितलं, ओल धरली नाही ना म्हणून, आणि त्यातली एक मला दिली. मग दार लोटलं, किल्ली फिरवली, हँडल ओढलं. "लागलं," म्हणाली. आणि पुन्हा एकदा ओढलं.

मसाला कोण चोरणार आहे गं, असं एरवी मी नक्की म्हटलं असतं. मी बाटली छातीशी धरून उभी राहिले.