रामघाटची ढाल

सहा जानेवारी १९९४, गुरुवार. नागपूर स्टेशनवर आम्ही तिघे होतो : मी, माझी पत्नी शालिनी आणि पोचवायला आलेला धाकटा भाऊ. सामानात एक सुटकेस, एक वळकटी आणि गोणपाटात शिवलेली पितळी ढाल. ढालीला सहाशे चाळीस रुपये पडले होते. निम्मे माझे, निम्मे भावाचे.

ही ढाल काशीला कशासाठी, ते सांगतो. आमची आत्या काशीच्या रामघाटावरच्या एका वैदिक घराण्यात दिली होती. तिचा मुलगा विनायक, आमचा विनूदादा, तिथेच जन्मला आणि तिथेच शाळामास्तर झाला. बावीस वर्षांपूर्वी त्याने घाटावरच्या पोरांचा फुटबॉलचा संघ काढला. माझे वडील, म्हणजे त्याचे मामा, दरवर्षी त्याला नव्या बॉलचे पैसे पाठवीत. गेल्या पावसाळ्यात वडील वारले, आणि त्यानंतरच्या हंगामात दादाच्या संघाने घाटाघाटांमधली लीगही जिंकली आणि कपही. लीगचे विजेते आणि कपाचे विजेते यांचा एक सामना दरवर्षी हिवाळ्यात गंगेपलीकडच्या रेतीवर (वाळूच्या पात्रावर) होतो. त्या सामन्याला वडिलांच्या नावाची ढाल द्यायची, असं आम्ही भावांनी ठरवलं. दोन्ही एकाच संघाने जिंकलं तर समोर कोण उभं राहणार, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

इटारसीला गाडी बदलली. नव्या डब्यात चार सहप्रवाशांनी गोणपाटाच्या गठ्ठ्यावर पत्ते मांडले. ‘‘इसमें क्या है भाईसाहब, परात?’’ एकाने विचारलं. ढाल आहे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘तब तो हुकुम का इक्का यहीं गिरेगा.’’ अलाहाबादपर्यंत ते खेळले. ढालीला पोचा आला नाही.

बनारसला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. रिक्षा चौकापर्यंतच येते. पुढे गल्ल्या, आणि गल्लीत एक बैल आडवा बसलेला. शालिनी त्याला वळसा घालताना चिखलात चप्पल हरवून बसली. दादाच्या दारात ती एका पायाने अनवाणीच शिरली. वहिनी म्हणाली, ‘‘काशीने तुमच्याकडून पहिलं दान घेतलं बघा.’’

शनिवारी सकाळी दादाने आम्हाला होडीतून फिरवून आणलं. होडी मुन्नाची. मुन्ना मल्लाहाचा (नावाड्याचा) मुलगा, वय बावीस-तेवीस, संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू. सातव्या वर्षापासून तो दादाच्या घरी जेवतो, आणि मराठी अशी बोलतो की डोळे मिटले तर सदाशिव पेठेतला वाटावा. आमच्या नागपूरकरांनी बांधलेला भोसले घाट त्याने होडी थांबवून दाखवला. ‘‘काका, तुमच्या राजाने दगड भरपूर लावलाय. आमच्यासाठी होडी बांधायला एक कडी तेवढी लावायची राहिली.’’

उतरताना मी पाकीट काढलं. त्याने माझा हात धरून परत खिशात घातला. ‘‘घरच्यांकडून पैसे घेतात काय?’’

घरी वहिनीने चूडा-मटर (मटार घालून तुपात परतलेले पोहे) केला होता. गोपाळ, दादाचा मुलगा, आणि मुन्ना एका ताटलीत खात बसले. दादा मला हळूच म्हणाला, ‘‘ह्याच्यासाठी संघ काढला रे. घाटाच्या पायऱ्यांवर कोण कुठे राहतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. मैदानावर ते मिटतं. लीग-कप त्यानंतर.’’

संध्याकाळी पंचगंगा घाटाच्या संघाचा कप्तान रामजतन आला. तो संघ सगळा मल्लाहांचा. ‘‘मास्टर साहब, कप का फाइनल हम खेले, एक गोल से रह गए. दोनों आप ही जीते हैं, तो रीत से अब हम उतरेंगे.’’

दादाने त्याला चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि नाही म्हणून सांगितलं. हा विजेत्यांचा सामना आहे, हरलेल्यांचा नाही. रामजतनने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेला.

‘‘हरायची भीती वाटते म्हणा की सरळ,’’ वहिनी म्हणाली.

‘‘मामाची ढाल आहे. ती रामघाटाबाहेर गेलेली मला चालायची नाही.’’

‘‘गेली तर गेली. पितळ आहे ते. पुढच्या साली परत आणा.’’

दादाने ऐकलं नाही. त्याने तोड काढली : संघात सोळा गडी, आठ लीगचे विजेते म्हणून उतरतील, आठ कपाचे. कोणीही जिंको, ढाल घरातच. मग माझ्याकडे वळला. ‘‘बरोबर ना रे? तू हिशेबातला माणूस.’’

‘‘हिशेब बरोबर आहे,’’ मी म्हणालो. आणि तो होताही बरोबर.

रविवारी मुन्नाच्याच होडीतून आम्ही पलीकडे गेलो. पाण्यालगतची रेती ओली आणि घट्ट, खेळायला चांगली. धुकं विरत होतं. दोन्ही काठांवरून तीनेकशे माणसं तरी आली असतील. रामजतनची माणसंही तीन होड्या भरून आली आणि एका बाजूला बसली.

गोपाळ आणि मुन्ना दोघांना कप्तान नेमून दादाने सांगितलं, ‘‘गडी मागून घ्या.’’ लहानपणी आपण मागून घेतो तसे. एक तू, एक मी. गोपाळने आधी आपल्या पाठशाळेतला सोबती घेतला. मुन्नाने मावसभाऊ घेतला. गोपाळने शेजारचा घेतला. मुन्नाने ज्याच्याबरोबर वल्ही मारतो तो घेतला. दोघे हसत होते, एकमेकांना चिडवत होते. कोणाच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

शेवटचा गडी गेला तेव्हा शालिनी मला म्हणाली, ‘‘अहो, ही वाटणी बघितलीत?’’

मी बघितली. एका बाजूला पायऱ्यांच्या वरच्या घरांतली आठ पोरं, जवळजवळ सगळी आपली मराठी. दुसऱ्या बाजूला सात मल्लाह आणि एक विणकराचा मुलगा. दादानेही बघितलं. शिटी त्याच्या ओठांत होती. दोन गडी इकडचे तिकडे केले असते तर निभावलं असतं. पण लोक ओरडत होते, आणि सगळ्यांसमोर अदलाबदल करायची म्हणजे काय दिसलं ते बोलून दाखवायचं. त्याने शिटी वाजवली.

पहिला गोल मुन्नाने केला. रामजतनची माणसं उठून नाचली, जणू त्यांचाच संघ. आमच्या बाजूच्या गर्दीतून कोणीतरी त्यांना शिवी घातली. मग खेळ राहिला बाजूला. पायात पाय, कोपर, ढकलाढकली. गोपाळने बरोबरी केली. त्यानंतर मुन्ना एकदा वाळूत पडला, तेव्हा गोपाळच्या बाजूचा एक पोरगा म्हणाला, ‘‘फुटबॉल छोड़, जाके नाव खे (होडी वल्हव).’’ आणि गोपाळ हसला. फार नाही, थोडासाच. मुन्नाने तेवढंच पाहिलं.

सामना मुन्नाच्या बाजूने दोन-एकने जिंकला. मी वडिलांचं नाव घेऊन ढाल पुढे केली. मुन्नाने ती दोन्ही हातांत घेतली, नाव वाचलं आणि दादापुढे वाळूवर ठेवली. ‘‘मास्टर साहब, ये आपके घर की चीज़ है.’’ कालपर्यंत तो दादाला काका म्हणत होता. मग तो आणि त्याचे सात गडी रामजतनच्या होड्यांत जाऊन बसले.

मुन्नाची होडी आमच्यासाठी काठावर तशीच राहिली. गोपाळ वल्ही घेऊन बसला. त्याला वल्हवता कधी आलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. धारेने होडी खाली नेली, आणि रामघाटाऐवजी आम्ही पंचगंगेला लागलो, तिथे रामजतनची माणसं मुन्नाला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. त्यांनी वाट दिली. दादा ढाल छातीशी धरून पुढे आणि आम्ही मागे, असे गल्लीगल्लीने घरी आलो.

त्या रात्री वहिनीने ताटं वाढली आणि एक जास्तीचं ताट उचलून परत ठेवलं. गोपाळ जेवला नाही. दादा एवढंच म्हणाला, ‘‘पंचगंगेशी खेळलो असतो तर सोळा जण एका बाजूला असते.’’

सोमवारी आम्हाला राजघाटापर्यंत होडीने जाऊन पुढे मुगलसरायला गाडी धरायची होती. मुन्ना येईल का, असं कोणी विचारलं नाही. तो आला. वहिनी पायऱ्यांवरून म्हणाली, ‘‘मुन्ना, दोन घास खाऊन जा.’’

‘‘पेट भरा है.’’

गोपाळ सामान घेऊन खाली आला, होडीत ठेवलं, जरा घुटमळला. मुन्ना दोरी सोडण्यात गुंतला होता. होडी निघाली तेव्हा दादाने हात हलवला. वाटेत मुन्नाने कोणताही घाट दाखवला नाही. मी मराठीत दोन गोष्टी विचारल्या. त्याने हिंदीत थोडक्यात उत्तरं दिली, नीट, आदराने.

दादाचं पत्र मार्चमध्ये आलं. मुन्ना आता पंचगंगेकडून खेळतो, आणखी चौघे त्याच्याबरोबर गेले, रामघाटाकडे अकरा गडी उरले. ढाल बैठकीत खिळ्याला टांगली आहे. विजेत्याच्या नावाची पट्टी कोरीच ठेवली आहे. वडील असते तर त्यांनी ढाल न देता नेहमीसारखे बॉलचेच पैसे पाठवले असते, असं मला आता वाटतं. बॉल एकच असतो, तो सोळा जणांना पुरतो.

त्या सोमवारी राजघाटाला उतरताना मी पाकीट काढलं. मुन्ना माझा हात धरील, अशी मी वाट पाहिली. त्याने वल्ही आत ओढून ठेवली.

‘‘कितना?’’ मी विचारलं.

‘‘दस रुपिया, बाबूजी. सबसे यही लेते हैं.’’

जाऊन-येऊन प्रवासाचा एकूण खर्च, ढाल धरून, दोन हजार एकशे पंधरा रुपये झाला. त्यातली काशीतली शेवटची रक्कम : रुपये दहा, होडीभाडे, रामघाट ते राजघाट, मुन्नाला दिले.