वन्संच्या दोन उजव्या बाह्या

नाही गं, शिंपीण नको लिहूस, मास्तर लिही. अख्खी गल्ली वन्संना मास्तर म्हणते आणि त्यांना ते आवडतं. वाचणाऱ्याला कळेल असं लिही, वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. मी नवी नवरी म्हणून दारात उभी होते तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा उतरता आहे हिचा. शिवताना बघावं लागेल." झाली आमची ओळख.

शाळा त्यांनी लहानपणीच सोडली, पण डोक्याला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. शिवणारे पुष्कळ असतात गं, कापड बेतणं अवघड. गिऱ्हाईक कापड आणणार कमी आणि सांगणार जास्त. कुणाचं पोट पुढं, कुणाची पाठ वाकलेली, कुणाला साहेबासारखा कोट हवा आणि कापड मात्र बंडीपुरतं. वन्सं गळ्यात टेप घालून टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या. असं ठेव, तसं फिरव, तोंडानं पुटपुट चालू. मग एकदम कात्री लागायची, आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून कॉलरसुद्धा निघायची. नवी फॅशन आली की कुणाचातरी जुना कोट मागून आणायच्या आणि उसवून बघायच्या, आत कसं बसवलंय ते. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना सरळ उभा. तो त्या रोज चढायच्या, मी मात्र खालूनच हाक मारायचे.

मग त्या कोटाचं झालं. एका माणसाला नवी नोकरी लागली होती, त्याचा कोट. कापड इतकं मोजकं की घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात, म्हणून वन्संनी एकेक सुटी कापली. पहिली कापली, दुसरीही कापली. भाचा, म्हणजे वन्संचा मुलगा, शिवायला बसला तर दोन्ही बाह्या उजव्या. कापड उलटं करून दुसरी कापायची असते, ते राहून गेलं. तसलं कापड परत मिळेना. तो माणूस जे बोलला ते लिहू नकोस.

एक चूक कुणाचीही होते. पण त्याआधी त्यांनी एकाच बाईचं माप एकाच दुपारी दोनदा घेतलं होतं. गरम इस्त्री कापडावर तशीच ठेवून पाणी प्यायला गेल्या होत्या. भाच्यानं मोठी कात्री कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि म्हणाला, "आई, पुष्कळ केलंस. आता आराम कर."

वन्संनी गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली. मला तेव्हाच भीती वाटली. कारण आमच्या वन्सं कुणाचं असं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत.

आराम कसला! खिडकीतली खुर्ची आणि त्या. चहा हातात, पाणी हातात, सून बिचारी काही करू देईना. थोड्याच दिवसांत खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला. भिंत धरून चालायला लागल्या. एकदा मी गेले तर मला म्हणाल्या, "आई, तू कधी आलीस?" आई म्हणजे माझी सासू, कधीच गेलेली. मी म्हटलं, "आत्ताच आले." काय करणार? एवढ्या वर्षांत वन्संनी मला पहिल्यांदा मान दिला, तो असा.

शेवटी मी आणि भाचा त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं तर वन्संना एकही आठवेना. मग एक कागद दिला, मधोमध दुमडा म्हणाल्या. वन्संनी तो कडेला कड लावून दुमडला, नखानं दाबून घडी धारदार केली आणि हात पुढं केला, "कात्री?"

मेंदूचा फोटो काढला होता. बाईंनी तो बघितला, वन्संकडे बघितलं, परत फोटोवरचं नाव वाचलं. "फोटो यांचाच ना?" म्हणाल्या, "यात मेंदू बराच आकसलाय. एवढा आकसला की माणसाला स्वतःची बटणंही लावता येत नाहीत. यांनी कोण लावून दिली?"

"मला कोण लावून देणार?" वन्सं म्हणाल्या. "मी काय लहान आहे?"

मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. काहीजण जन्मभर डोकं वापरतात, अंगही हलतं ठेवतात. त्यांच्या मेंदूत जास्तीच्या वाटा तयार होतात. मोठा रस्ता बंद पडला तर गल्लीबोळातून काम भागतं. ही त्यांची साठवण. शाळेनं होते, तशी कामानंही होते. आजार काही त्यानं जात नाही, आणि साठवण किती पुरेल तेही सांगता येत नाही. "पण यांना खुर्चीत बसवून ठेवलंत," बाई म्हणाल्या, "तर डोकं आणि पाय दोन्ही लवकर हात टेकतील. चालवा, काम द्या, नवीन काही शिकू द्या."

दवाखान्याचा जिना उतरताना भाचा म्हणाला, "मामी, मला कळत नाही का? पण लोकांचं कापड असतं. नाव जाईल दुकानाचं. आणि हिनं बोट कापून घेतलं तर?"

खोटं नव्हतं त्याचं. म्हणून मी भांडले नाही. घरी आले, जुन्या चादरी काढल्या आणि वन्संना घेऊन दुकान गाठलं. चालत. जिन्यात कितीदा टेकलो ते विचारू नकोस, त्यात निम्मं टेकणं माझं.

भाच्याला म्हटलं, "दे कात्री. चादरी माझ्या, बोटांवर नजर माझी."

पहिल्या दिवशी परत दोन उजव्या बाह्या. वन्सं चिडल्या, टेप फेकून दिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "हात पसर, पुतळा हो." मी पुतळा. पहिली बाही त्यांनी माझ्या हाताला लावून बघितली, मग कापडावर ठेवली, तोंडाला तोंड, म्हणजे सुलट बाजूवर सुलट बाजू, आणि तिच्यावर दुसरी आखली. खांद्याकडची गोलाई, म्हणजे मुंढ्याला मुंढा जुळला. ही रीत त्यांची त्यांनी शोधली. मी फक्त हात दुखवून घेतले.

आम्हा दोन म्हाताऱ्यांचा तमाशा बघायला गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. एक म्हणाली, "मास्तर, मलाही शिकवा की." मग तिची जाऊ आली, मग शेजारीण. शिकवायचं म्हणजे एकेक पायरी मोठ्यानं सांगायला लागते, आणि वन्संची एखादी गळली की बायका ओरडतात, "मास्तर, अस्तर राहिलं!" वन्सं ठसक्यात म्हणतात, "तुमची परीक्षा बघत होते." खरं काय ते सगळ्यांना माहीत. कुणी हसत नाही. बरं, हसतात, पण वन्सं हसल्यावर.

भाचा लांबून बघत होता. एक दिवस त्यानं स्वतःचं कापड टेबलावर ठेवलं. चांगलं, महागाचं. "आई, माझा शर्ट. बाह्या एकेक काप."

वन्संनी पाठ कापली, पुढची बाजू कापली, पहिली बाही कापली. दुसरीला कात्री लावली आणि थांबल्या. कात्री उघडीच. सगळ्यांना कळत होतं, पण भाच्यानं बोट ओठांवर ठेवलेलं. वन्संच्या कपाळावर घाम आला.

"पहिली कुठं आहे?" त्या म्हणाल्या.

एकीनं दिली. वन्संनी ती तोंडाला तोंड लावून ठेवली, खडूनं आखली आणि कापली. एक उजवी, एक डावी.

भाच्यानं दोन्ही बाह्या उचलून उजेडात धरल्या. आईकडे बघून म्हणाला, "खिसा विसरलीस."

"खिसा नंतर असतो, गाढवा."

तो इतका हसला की डोळे पुसायला लागले.

कपाटाला आता कुलूप नाही. गिऱ्हाइकाचं कापड वन्सं एकट्या कापत नाहीत. त्या आखतात, भाचा एकदा बघतो, मग कात्री. त्यावरून दोघं रोज भांडतात. वन्सं मला अजून मधूनच आई म्हणतात. हे असं किती दिवस चालेल, ते डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. पण खुर्चीतून आपल्या आपण उठतात, आणि जिना मला मागं टाकून चढतात.

आता शेवटचं लिही. शिकायला येणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याची बदली झाली, तिची जागा रिकामी आहे. वाचणाऱ्यांनो, ओळखीत कुणी शिकणारी असेल तर तिला एवढा निरोप द्या, की मास्तर दुपारी असतात, जिना चढून ये. एकच गोष्ट त्यांनी दोनदा विचारली, तर दोनदा सांग म्हणावं.