तांब्याच्या डब्याचं भोक

हौशी माणसांचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. द्वारका चौकाजवळच्या एका रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात मी वर्षानुवर्षं ट्रकांचं उकळतं पाणी अंगावर घेतलं आहे. गाडी माल आणि माणसं पोचवायला असते, नटवून उन्हात उभी करायला नाही, एवढी साधी माझी समजूत. तरीही एका हौशी माणसाच्या नादी मी स्वतःहून लागलो आणि वडिलांनाही लावलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गंगापूर रोडला इमारती बांधणारे एक शेठ येवल्याच्या कुणा पैठणीच्या व्यापाऱ्याच्या गोठ्यातून एक जुनी विलायती मोटार घेऊन आले. कोंबड्या बसायच्या म्हणे तिच्यात. शेठनी तिचं मूळ इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवलं, मागे रुंद चाकं घातली आणि बॉनेट काढूनच टाकलं. इंजिन लोकांना दिसलं पाहिजे, असा तो प्रकार होता. त्यांच्या खिशात परदेशी मासिकाचं एक पान कायम घडी करून ठेवलेलं असे आणि ते पान दाखवत ते शहरातल्या सगळ्या मिस्त्रींचं डोकं खात हिंडत.

माझ्याकडे ते आले डब्यासाठी. इंजिन तापलं की रेडिएटरमधलं पाणी फुगतं आणि झाकणाखालच्या नळीतून बाहेर पडतं. ते साठवायला शेजारी एक डबा लागतो. गाडी निवली की तेच पाणी परत आत ओढलं जातं. साध्या गाडीला प्लॅस्टिकची बाटली असते. मी तीच काढून दाखवली, तर शेठ म्हणाले, "ही काय सलाइनची बाटली लावू?" मग अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलचा डबा करून आणला. त्यावर नाक मुरडून झालं, "दुधाची किटली वाटते." शेवटी मासिकाचं पान बाहेर निघालं. चित्रातल्या गाडीला तांब्याचा लखलखीत डबा होता.

मी म्हटलं, "तांब्याचा माझ्या घरी होईल."

हे मी का बोललो ते खरं सांगतो. माझे वडील, अण्णा, तांबट. आमच्या आळीत एकेकाळी सकाळी हातोड्यांच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलता येत नसे. नंतर स्टील आलं, प्लॅस्टिक आलं. दोन वर्षं अण्णांच्या हाताला काम असं नव्हतं. जेवण झालं की ते हातोड्या पुसून पुन्हा होत्या तिथेच मांडून ठेवत. ते बघून माझा जीव तुटे आणि त्यांचा रागही येई. चार मोठ्या लोकांनी त्यांचं काम बघावं, वाखाणावं, एवढंच मला हवं होतं.

अण्णांनी त्या डब्याला आठ दिवस घेतले. पत्रा तापवायचा, निववायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. अंगावर असा एकसारखा मठार उठवला की हातोडीचा प्रत्येक ठसा शेजारच्याच्या मापाचा. फिरकीचं झाकण इतकं घट्ट, की आत वारा शिरणार नाही. कुणी सांगितलं नसताना आतून कल्हईसुद्धा केली.

"अण्णा, हे पाणी कुणी पिणार नाहीये."

"म्हणून काय झालं? तांब्याचं भांडं बिनकल्हईचं द्यायचं?"

त्या आठ दिवसांत त्यांनी खूप विचारलं. पाणी किती तापतं, किती जोराने येतं, परत कसं जातं. मी दमून आलेलो असे. शिवाय इंजिनातला जाणकार घरात मी एकटाच, ही ऐट होती. "तुम्हाला नाही कळायचं ते," असं मी म्हणत असे. किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

डबा तयार झाल्यावर मी तो दुकानात नेला. खाली नळीसाठी तोटी बसवली आणि माथ्याला, झाकणाच्या शेजारी, ड्रिलने एक बारीक भोक पाडलं. पाणी आत आलं की आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, तेवढ्यासाठी. मग शेवटचा हात फिरवून चकाकी आणायला डबा परत अण्णांकडे दिला. त्यांनी भोकावरून बोट फिरवलं.

"हे काय रे?"

"असू द्या. तुम्ही फक्त घासून ठेवा." दुकानात ट्रक उभा होता. मी वळून निघालो.

दोन दिवसांनी फडक्यात गुंडाळलेला डबा उचलून मी तसाच गाडीला बसवला. नीट निरखून बघितला नाही. पंधरा वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसाची ही चूक, आणि ती माझीच.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर होतं. मी अण्णांना मुद्दाम घेऊन गेलो. परीटघडीचा पांढरा शर्ट, काळी टोपी. एरवी लग्नाला गेले तरी ते मागच्या खुर्चीवर बसत. त्या दिवशी मात्र गाडीपासून हलले नाहीत. बायका-माणसं वाकून डबा बघत होती, एकाने तर इंजिन सोडून डब्याचाच फोटो काढला. शेठ सांगत होते, "हाताने ठोकलेला आहे, मशीन नाही." कुणी हाताने, ते काही त्यांनी सांगितलं नाही. अण्णांना त्याचंही काही वाटलेलं दिसलं नाही. इतके खूश मी त्यांना फार वर्षांत पाहिले नव्हते.

शेठना मात्र गाडी नुसती उभी ठेवून चैन पडेना. भर उन्हात तासभर इंजिन चालू. कुणी कॅमेरा काढला की हे इंजिनाशी वाकून हातानेच ॲक्सिलरेटरची तार ओढत. पाणी फुगत गेलं, डब्यात येत गेलं, आणि आतल्या हवेला वाट मिळाली नाही. डबा फुटला नाही. अण्णांचा सांधा होता तो, कसा फुटेल? नळीच तोटीवरून निसटली आणि उकळतं पाणी शेठच्या हातावर आणि शर्टावर उडालं. एकच ओरड झाली. लोक मागे पळाले, कुणीतरी इंजिन बंद केलं.

मी डब्याच्या माथ्यावर बघितलं. भोक नव्हतं. बोट फिरवलं तरी जागा सापडेना. इतकं सफाईने बुजवून वर मठार जुळवला होता.

"मिस्त्री, हे काय आहे?" शेठ हात झटकत ओरडले. "कुणाचं काम हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "शेठ, मी भोक ठेवलं होतं, वडिलांनी बुजवलं. भांड्याला भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच त्यांना माहीत. म्हातारा माणूस, त्याला काय कळतंय यातलं?"

दोघं-तिघं हसले. मी वळलो तर अण्णा मागेच उभे. शेठच्या हातावर ठेवायला कुठूनतरी ओलं फडकं घेऊन आले होते. त्यांनी ते गाडीच्या मडगार्डवर ठेवलं आणि फाटकाकडे चालू लागले. स्कूटरवर माझ्या मागे बसून ते घरी आले. मला वाटलं, चूक त्यांची आहे, बोलायचं तर त्यांनी बोलावं.

पुढच्या आठवड्यात शेठनी प्लॅस्टिकची बाटली बसवली. अण्णांनी नंतर हातोडी धरली नाही. भांडी बाजारात एका नातेवाइकाच्या दुकानात स्टीलच्या डब्यांना झाकणं जुळवत बसू लागले. कुणी तांब्याचं काम घेऊन आलं, तर "आता नाही जमत" म्हणून परत पाठवत. मी मात्र तो किस्सा गावभर केला. तांबटाने गाडीचं भोक बुजवलं, असं रंगवून सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. घरातल्या माणसाची अशी थट्टा करणाऱ्याला काय म्हणतात, ते मला आता सांगवत नाही.

चार-पाच वर्षांनी आमच्या दुकानाचे मालक श्रावणात घरी जेवायला आले. त्यांनी तोच किस्सा अण्णांसमोर काढला. अण्णाही हसले, त्यांना आग्रहाने वाढलंही. मालक गेल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "पण अण्णा, बुजवलंत कशाला? विचारायचं तरी."

"विचारलं होतं." ते ताटाभोवतीची शितं वेचत होते. "वाऱ्यासाठी होतं, ते पाणी उडालं तेव्हाच कळलं. बंबाला नसतं का वर तोंड? पण भोक बघितलं तेव्हा मला वाटलं, तुझं ड्रिल घसरलं. विचारलं, तर तू तोंड फिरवून गेलास. म्हटलं, चूक झालीय पोराच्या हातून. एवढ्या लोकांत शोभा नको व्हायला. म्हणून अगदी दिसणार नाही असं बुजवलं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी तिथे बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतास ना," अण्णा म्हणाले.