शंकरपाळीच्या आकाराचा सूर

नातीनं गालिच्यावर लाकडी ठोकळे ओतले आणि त्यातला शंकरपाळीसारखा ठोकळा पाहून मला अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या चर्चचं तळघर आठवलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, ह्यांची पीएचडी चालू होती. शेजारची अमेरिकन बाई "नुसतं गायचंय" म्हणून मला कॉयरच्या प्रॅक्टिसला घेऊन गेली. "कुठेही सही करू नकोस, बाटवतील," असं ह्यांनी निघताना बजावलं होतं. तळघरात ओल्या कोटांचा आणि करपलेल्या कॉफीचा वास कोंडला होता. हातात आलेल्या कागदावर मी आधी त्यांच्या देवाचं नाव शोधलं, तर एक शब्द नाही! सुरांच्या जागी नुसते त्रिकोण, गोल, चौकोन आणि शंकरपाळ्या. नक्कीच काहीतरी लपवतायत. मग सगळे फा, सो, ला एवढंच फिरून फिरून गायला लागले. "शब्द कुठे आहेत?" मी दरडावूनच विचारलं. "जुन्या भजनांतले शब्द मी काढून टाकले, सुरांची नावं तेवढी ठेवली, एकेका सुराला एकेक आकार," गाणं बसवणारा तरुण संगीतकार म्हणाला. म्हणजे आपली सरगमच की! मी गाऊ लागले. क्वचित येणाऱ्या शंकरपाळीच्या सुराचं नाव "मी". त्यावर सगळे एकदम "मी" म्हणाले, मीही म्हणाले आणि अंगावर काटा आला. तेवढ्यात नावं लिहायची यादी फिरत आली. मी पर्स उचलली आणि सरळ घरी आले. आज तो ठोकळा हातात घेऊन मी नातीला म्हटलं, "मी." "नो आजी, डायमंड!" ती म्हणाली. तिला काय सांगू, त्या यादीत लिहायची तेवढी मीच राहून गेले.